खिंडीतली जकात आणि लोहाराचा वाटा

डोंगराच्या पायथ्याला भातशेतीचं एक गाव होतं, आणि त्या गावात होता येसाजी नावाचा एक लोहार. गावाची रीत अशी, की लोहारानं वर्षभर सगळ्यांच्या अवजारांना धार लावायची आणि सुगीला प्रत्येक खळ्यावरून आपल्या वाट्याचं धान्य न्यायचं. नवा विळा मात्र विकत घ्यायचा.

एका वर्षी सुगीच्या आधी खिंडीपलीकडून एक व्यापारी आला. त्याचे दातेरी विळे हलके, स्वस्त आणि सरसर कापणारे. नमुन्याला आणलेले चार-पाच विळे हातोहात खपले. "पुढच्या खेपेला गाडी भरून आणतो," असं सांगून तो गेला.

येसाजीच्या तोंडचं पाणीच पळालं. बापजाद्यांची भट्टी विझली तर पोरांनी खायचं काय? तो तडक राजाकडे गेला.

"महाराज, परक्या विळ्यांवर जकात बसवा. नाहीतर मी बुडालो!"

राजा मनाचा हळवा. त्यानं लगेच खिंडीत नाका बसवला. विळ्याची किंमत दुप्पट झाली आणि व्यापारी फिरकेनासा झाला.

भाता ओढता ओढता येसाजीची बायको म्हणाली, "अहो, तो दातेरी विळा कसा घडवलाय, ते बघा तरी एकदा."

"कशाला? आता लोक जातील कुठे? झक मारत आपल्याकडेच येतील!" येसाजी हसला, आणि वर स्वतःच्या विळ्याची किंमतही वाढवून बसला. काय म्हणावं या माणसाला!

सुगी आली. जिथे दर सुगीला तीन नवे विळे लागायचे, तिथे लोकांनी एकावर भागवलं. तोही जड आणि चार दिवसांत बोथट. कापणी रखडली, आणि पिकलेलं भात उभ्या शेतात झडलं.

येसाजी टोपली घेऊन हौसाक्काच्या खळ्यावर गेला. तिच्या तळहातांना चिंध्या बांधलेल्या होत्या. समोर भाताची एवढीशी रास. तिनं आधी त्याचा वाटा काढला. टोपलीचा तळही झाकला गेला नाही.

"एवढंच, अक्का?"

"एवढंच आलंय रे. बाकी सगळं चिखलात गेलं. पण तुझा वाटा तुझाच, बाबा. तुझीही पोरं आहेतच की."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. येसाजीला टोपली उचलवेना. पुढच्या खळ्यांवरही तीच गत होती.

तो पुन्हा राजापुढे उभा राहिला. "महाराज, जकात उठवा."

"अरे, मग तू खाशील काय?"

"खळी भरली तरच माझी टोपली भरते, महाराज. हे मला आधी कळायला हवं होतं. दाते पाडायला मी शिकेन. जमलं नाही तर धार लावून पोट भरेन. पण माझ्यापायी गाव उपाशी नको."

जकात उठली. व्यापारी आला, तेव्हा पहिला विळा येसाजीनंच विकत घेतला. तसा घडवताना त्याचे कितीतरी विळे मोडले. अखेर एक जमला, तो हौसाक्कानं शेतात नेऊन चालवला आणि ती बांधावरूनच ओरडली, "येसाजी, कापतोय रे!"

भट्टीपाशी बसलेला येसाजी ढसाढसा रडला.

तात्पर्य, मुलांनो आणि मोठ्यांनो, एवढंच: बाहेरचा माल अडवून एकाचं दुकान चालेलही, पण त्याची किंमत सारं गाव मोजतं, आणि गाव गरीब झालं, की तो एकटाही त्यातून सुटत नाही.