छत्तीस फेऱ्यांचा न्याय

रानात पंचाच्या शब्दाला फार मान होता, तेव्हाची ही गोष्ट. पहिल्या शर्यतीत हरलेला भुरूदादा पाणी प्यायलाही परत आला नाही, तेव्हा सशांतली कापशी दचकली. ती तशी पान पडलं तरी दचकायची.

रानाचा जासूद नेमायला नऊ सशांतला सर्वांत वेगवान ससा हवा होता. पंच कोल्होबांनी सांगितलं होतं, "प्रत्येकाने प्रत्येकाशी पळायचं. फेऱ्या छत्तीस." हरेल त्याने करवंदीच्या जाळीमागे विसावायचं आणि त्याचं सांत्वन पंच जातीने करणार.

"पण पळायच्या बांधावर एका वेळी तिघं मावतात," कापशी चाचरत म्हणाली. "तिघातिघांच्या तीन फेऱ्या, मग जिंकलेल्या तिघांची एक. चार फेऱ्यांत उरकेल. छत्तीस कशाला?"

"घाई करू नये, बाळ. न्यायाला वेळ लागतो," सांत्वन करून परतलेले कोल्होबा तिच्या शेजारी टेकत म्हणाले.

"शिकलेली आहे ना, बोटं मोजणारच," एक ससा खिदळला. "पळायचं तर पळ, नाहीतर गप बस, भित्रे."

कापशीने जाळीकडे तोंड करून हाक मारली, "भुरूदादा, ओ दे." एकदा झालं, दोनदा झालं. सगळे हसायला लागले.

तिसऱ्या हाकेला ओ आली, पण ती जाळीतून नव्हे. शेजारी बसलेल्या कोल्होबांनी लांबलचक ढेकर दिला.