दोर कुठे तुटला?

एका उंच कड्याच्या पायथ्याशी मोहोळवाडी नावाचं गाव होतं. कड्याच्या पोटाला आग्या माश्यांची मोठमोठी पोळी लोंबायची आणि त्यातल्या मधावर सगळं गाव जगायचं. कड्याखाली धूर करून माश्या पांगल्या, की मध काढणारा गडी कमरेला दोर बांधून कड्यावरून खाली उतरे. वर एका झाडाच्या बुंध्याला दोराचा वेढा दिलेला असे आणि दुसरं टोक एकच माणूस धरून बसे. हा माणूस कोण असावा, याची गावात पक्की रीत होती. दोर धरायचा तो फक्त मेहुण्यानं, म्हणजे उतरणाऱ्याच्या बायकोच्या भावानं.

असं का? गावानं त्यामागे बराच विचार केला होता. दोर सुटला तर मेहुण्याचीच बहीण विधवा होणार. मग तो कशाला हात ढिला करील? सख्खा भाऊ एखाद्या वेळी बांधावरून भांडेल, मित्र रुसेल, पण मेहुण्याची मूठ सुटायची नाही. दुसऱ्या कुणी दोराला नुसतं बोट लावलं तरी तो मेहुण्याचा अपमान समजत. बायकांनी तर कड्यावर यायचंच नाही. रीत हुशारीची होती यात शंका नाही. फक्त माश्यांना ती कुणी समजावून सांगितली नव्हती.

त्या गावात बुधा नावाचा एक गडी होता. दोर धरावा तर बुधानंच, असं सगळे म्हणत. त्याच्या थोरल्या बहिणीचं नाव ठकी. तिचा नवरा नवशा कड्यावरून उतरे आणि बुधा त्याचा दोर धरी. एका वर्षी नवशा खाली लोंबत असताना माश्या खवळल्या आणि थेट वर येऊन बुधावर तुटून पडल्या. हातांवर, डोळ्यांवर, कानांत. पापणी लवते न लवते तोच बुधाची मूठ उघडली. नवशा कड्याच्या एका टप्प्यावर करवंदाच्या जाळीत जाऊन पडला. जीव वाचला, पण पाय मोडला.

पाय तीन महिन्यांत जुळला. नवशा लंगडत का होईना, चालू लागला. बुधाच्या हातांची सूज तर आठवड्यातच उतरली. पण त्याची बोटं काही मिटेनात. तांब्या धरला की पडे, कोयता धरला की निसटे. वैदूनं त्याचे हात उलटसुलट करून पाहिले. हाडं ठीक, शिरा ठीक, जखम कुठेच नाही. मग मूठ का मिटत नव्हती? वैदूला ते सांगता आलं नाही. तुम्हाआम्हाला तरी कुठे सांगता येतंय?

गाव मायाळू होतं. बुधाला कुणी एका शब्दानं दुखावलं नाही. उलट त्याच्या हातातलं प्रत्येक काम लोकांनी आपल्याकडे घेतलं. तो कळशीला हात घालायला गेला की कुणीतरी धावत येई. "असू दे बुधा, तू बस." त्यानं झाडू उचलला तरी तेच. रोज एकेका घरातून त्याला भाकरी येई. त्याच्यासमोर कड्याचा विषय काढायचा नाही, मधाचा नाही, दोराचा तर नाहीच. आणि बाहेरगावच्या कुणी विचारलं तर सांगायचं, दोर तुटला. बुधाची लाज राखण्यासाठी रचलेलं हे खोटं गावाला इतकं सोयीचं वाटलं, की दोन वर्षांत निम्म्या गावाला तेच खरं वाटू लागलं.

कड्यावर मात्र आता कुणी जाईना. बुधासारख्याचा हात सुटतो, तर आपला सुटणार नाही कशावरून, असं प्रत्येक मेहुण्याला वाटे. मध बंद झाला. पहिल्या वर्षी दोन घरं कोळशाच्या भट्टीवर कामाला गेली. दुसऱ्या वर्षी सात गेली. यंदा भट्टीचा मुकादम दिवाळी झाल्यावर सगळ्या वाडीलाच न्यायला येणार होता. तो एकच गोष्ट सांगून गेला होता. हात न चालणारा माणूस भट्टीवर चालणार नाही. बुधाला मागे ठेवून जावं लागणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. नेहमीप्रमाणे तेही कुणी बोललं नाही.

पाऊस उघडल्यावर एक दिवस खालच्या गावची गोजराबाई दोन वर्षांनी वाडीत आली. घायपाताच्या पानांतले धागे, म्हणजे वाख, काढून दोर वळणं हा तिचा धंदा. मोहोळवाडीचे सगळे दोर तिच्याच हातचे. तिला एक वाईट खोड होती. एखादी गोष्ट कळली नाही, तर कळेपर्यंत ती विचारत राही.

"माझा दोर कुठं तुटला, ते मला बघायचंय," ती म्हणाली.

लोक एकमेकांकडे पाहू लागले. एकानं सांगितलं, "मधोमध तुटला." दुसऱ्यानं सांगितलं, "टोकाशी." तिसरा म्हणाला, "जाऊ द्या की बाई, झालं गेलं." गोजराबाईला नवल वाटलं. एकच दोर तीन ठिकाणी कसा तुटेल? आणि तुटला असेल, तर तुटलेली टोकं कुणीच का दाखवत नाही? विचारत विचारत ती बुधाच्या अंगणात पोचली. तो ओट्यावर हात मांडीवर टाकून बसला होता.

"दोर कुठं तुटला रं?" तिनं विचारलं.

बुधानं मान वर केली. दोन वर्षांत त्याला हे कुणी विचारलंच नव्हतं.

"तुटला न्हाय," तो म्हणाला. "मी सोडला."

आता दुसरं कुणी असतं तर "असू दे, असू दे" म्हणत निघून गेलं असतं. गोजराबाईनं पुढचा प्रश्न विचारला. "मग दोर हाय कुठं?"

दोर माळ्यावर होता. तिनं स्वतः चढून तो खाली ओढला. अंगणात पसरला आणि एक टोक बुधाच्या हातात कोंबलं. "हे धर. ताण दिल्याबिगर कळायचं न्हाय." बुधाच्या हातांचं तिला काहीच ठाऊक नव्हतं, कारण ते तिला कुणी सांगितलं नव्हतं. टोक खाली पडलं. तिनं पुन्हा दिलं. पुन्हा पडलं.

"नीट धर की रं, तरणाताठा गडी तू!"

बुधानं इकडेतिकडे पाहिलं. कुणीतरी येईल आणि टोक आपल्या हातातून काढून घेईल, अशी त्याला सवय झाली होती. कुणी आलं नाही. तेव्हा त्यानं ते टोक काखेत दाबून धरलं आणि पाय रोवले. दुसऱ्या टोकापासून गोजराबाई वीत वीत दोर चाचपत आली. प्रत्येक पीळ बोटांनी उलगडून पाहिला. बुधापाशी पोचल्यावर ती मटकन खाली बसली आणि तोंडाला पदर लावून रडायला लागली.

"कुठंच तुटला न्हाय," ती म्हणाली. "माझ्या दोरानं माणूस पाडला, असं समजून दोन वर्षं मी निस्ती गुरांची दावी वळतेय. कड्याचा दोर करायला हात धजत न्हाय."

तोवर अंगणात गर्दी झाली होती. लोकांना तिचा राग आला. एक म्हातारा म्हणाला, "बाई, आता गप ऱ्हावा. त्याला दुखंल."

"दोन वर्षं गप बसलात," गोजराबाई म्हणाली. "दुखायचं थांबलं का?"

गर्दीतून नवशा लंगडत पुढे आला. त्याचा चेहरा उतरला होता.

"चूक माझी व्हती," तो म्हणाला. "धूर पोळ्यापातुर चढायच्या आधीच मी उतरलो. घाई केली. म्हनून माश्या खवळल्या. बुधाला सांगीन सांगीन म्हनलो, पर त्याच्यासमोर इषय काढायचा न्हाय ना!"

बुधा त्याच्याकडे बघतच राहिला. तिघे जण, तीन घरांत, एकच ओझं आपापल्या डोक्यावर घेऊन बसले होते. बाकीच्या गावानं त्यांना ते खाली ठेवू दिलं नव्हतं, तेही केवळ मायेपोटी. माया आंधळी असते एवढं ठीक, पण ती इतकी मुकी का असावी, हे कोडं मला अजून उलगडलेलं नाही.

"अजून मध काढता येईल," गोजराबाई डोळे पुसत म्हणाली. "पर ह्यो दोर आता कडक झालाय. नवा वळावा लागंल. आन धरायचा कुणी?"

"बुधानं," ठकी म्हणाली. इतका वेळ ती मागे उभी होती. "पर एकट्यानं न्हाय. त्याच्या मागं मी धरीन."

गलका झाला. बाईमाणूस कड्यावर? आणि मेहुण्याचा मान? ठकीनं सगळ्यांना बोलू दिलं.

"दोर सुटला तर कुकू कुणाचं पुसलं जाईल?" तिनं विचारलं. "माझं ना? मग धरायला मीच का नको?"

इतक्या वर्षांत हा साधा प्रश्न कुणालाच कसा पडला नाही, याचंच लोकांना आश्चर्य वाटलं. त्या रितीचा सगळा भार ठकीच्या कुंकवावर होता, आणि दोराला हात लावायची मनाई तिलाच होती.

नवा दोर वळायला दहा दिवस लागले. अख्खी वाडी घायपात कापायला, कुटायला, वाख धुवायला बसली. गोजराबाई पीळ देई आणि दुसरं टोक ताणून धरायला बुधाला उभं करी. पहिले दोन दिवस त्यानं टोक काखेत धरलं. मग दोन्ही मनगटांच्या मधे धरलं. कुणी मदतीला धावलं की गोजराबाई डोळे वटारी आणि धावून आलेल्याला, बुधाचा दोर काढून न घेता, त्याच्या मागे उभं राहून धरायला सांगे. दहाव्या दिवशी बुधाची बोटं दोराभोवती वळली. पुरती नाही, पण वळली. त्या दिवशी ठकीनं घरी जाऊन गोडाचा शिरा केला.

दिवाळीच्या आधी एका सकाळी सगळे कड्यावर गेले. धूर पुरता चढेपर्यंत नवशा मुकाट बसून राहिला. "भ्या वाटतंय," तो उघड म्हणाला आणि कमरेला दोर बांधून खाली उतरला. दोर सगळ्यांत पुढे बुधाच्या हातात होता. त्याच्या मागे ठकी, तिच्या मागे गोजराबाई, तिच्या मागे वाडीतले आणखी दोघे.

अर्धं पोळं कापून झालं. अर्धं माश्यांसाठी ठेवायचं असतं, म्हणजे त्या पुढच्या वर्षी परत येतात. एवढ्यात वारा फिरला. धूर बाजूला गेला आणि चारपाच माश्या भणभणत वर आल्या. एक बुधाच्या मनगटावर बसली आणि डसली.

बुधाची मूठ उघडली.

त्यानं डोळे गच्च मिटले. आता खालून नवशाची किंकाळी येणार. पण किंकाळी आली नाही. त्यानं डोळे उघडून पाहिलं. दोर जिथल्या तिथे होता. ठकीनं टाचा दगडाला रोवल्या होत्या. तिच्याही गालावर माशी डसली होती, पण मागे तीन माणसं होती.

"वर काय झालं रं?" खालून नवशानं हाक दिली.

बुधानं खरं तेच सांगितलं. "हात सुटला व्हता, दाजी!"

"मग?"

"मग काय न्हाय. आक्कानं धरलाय!"

मग नवशा मोठ्यानं हसला. बुधाही हसला, रडला, आणि हसता रडता त्यानं दोर पुन्हा धरला. या वेळी बोटं पुरती मिटली होती. ते त्याला नवशा वर आल्यावरच कळलं.

मुकादम आला तेव्हा वाडी मध गाळत बसली होती. त्याच्याबरोबर कुणी गेलं नाही. पुढच्या हंगामापासून प्रत्येक दोराला चार जण लागू लागले आणि मेहुण्याच्या मागे पहिली जागा बहिणीची ठरली. खालच्या गावानं दोर द्यायचे आणि वाडीनं मध, असंही ठरलं. बुधाची मूठ अजून कधीकधी उघडते. त्याची आता गावात कुणालाच भीती वाटत नाही.

तात्पर्य: ज्याचा हात एकदा सुटला, त्याच्याकडून दोर काढून घेऊ नये, काय झालं ते त्याला विचारावं, आणि त्याच्या मागे उभं राहून तो दोर आपणही धरावा.