सगळीकडे एकच खूण

परदेशात शिकून परतलेल्या ऋजुताने कुरणवाडीच्या पूर-मदत पथकात येताच एक नियम घालून दिला. पथकाच्या प्रत्येक वस्तूवर एकच खूण, एकाच आकारात. म्हणजे पुरात अडकलेल्यांना आपली माणसं लांबूनच ओळखता येतील.

पथकाच्या रबरी बोटीला पावसाळ्याआधी शेड हवी होती, नाहीतर ती उघड्यावर पडून फाटली असती. शेड बाजार समितीची, आणि सही सभापती विश्वासराव थोरवतांची.

"सही देतो की," ऋजुता अर्ज घेऊन गेली तेव्हा सभापती म्हणाले. "पण जॅकेटांवर त्या खुणेच्या जागी माझा फोटो घाल, पोरी."

तिच्याबरोबर आलेली पथकातली माणसं खाली बघू लागली. ऋजुताला राग आला होता, पण ती शांतपणे म्हणाली, "घालू की, साहेब. फक्त आमच्या नियमाप्रमाणे तो सगळ्याच सामानावर घालावा लागेल."

"मग तर लईच झ्याक. काय काय सामान आहे?"

तिने यादी पुढे केली. "जॅकेटं, बोट, दोर, बॅटऱ्या. आणि पाण्यातून काढलेली प्रेतं गुंडाळायच्या बारा चादरी. त्यांच्यावर खूण तोंडाच्या बाजूला येते."

सभापतींनी यादी दोनदा वाचली आणि शेडच्या अर्जावर सही केली.

"खूण तुमचीच राहू दे," ते म्हणाले. "सेवेच्या कामात माणसानं पुढं पुढं करू नये."