अंग मिटून घेणारं खवले मांजर

जंगलात राजाला साठ्यातला हिस्सा द्यायची रीत होती, तेव्हाची ही गोष्ट. कुणाच्या बिळात-ढोलीत किती दाणे आहेत हे ज्याच्या त्याच्याकडून ऐकून खवले मांजर तो हिस्सा ठरवून देई. एका वर्षी खारीकडून राजाकडे काहीच गेलं नाही.

"खारूताईची ढोली रिकामी आहे का रे?" वडाखाली सशाने खवले मांजराला सगळ्यांदेखत विचारलं.

खवले मांजर अंग मिटून गोळा झालं.

"भारी शिष्ट आहे हं हे!" ससा म्हणाला. सगळे हसले. लाज झाकायला खारही हसली. पुन्हा खवले मांजराला कुणी गप्पांना बोलावलं नाही.

पुढच्या सुगीला ससा एकटाच त्याच्याकडे आला.

"माझं बीळ यंदा रिकामं आहे. खारीचं तू सांगितलं नाहीस, म्हणून तुला सांगतोय."

खवले मांजराने मान डोलावली. ससा निश्चिंत होऊन वडाकडे निघाला. "चल, तूही ये," असं मात्र तो म्हणाला नाही.