कोंडाईचं विरजण

एक होतं कुळ. सात चुलींचं. सात गावांत पांगलेलं, पण सगळ्यांचं विरजण एकच, बरं का. मुळात कोंडाई म्हणून एक माय होऊन गेली. तिच्या मडक्यातलं विरजण तिनं सुनेला दिलं, सुनेनं आपल्या सुनेला. असं ते घरोघर गेलं. दही कितीही खा, वाटीच्या तळाशी चमचाभर ठेवायचंच.

दर बारा वर्षांनी चैत्रात सगळं कुळ झरीआईच्या देवळापाशी जमायचं. डोंगरावरची बायजा धनगरीण डेराभर दूध आणून द्यायची. मग सात घरच्या सात बायका एकेक पळी विरजण घालायच्या आणि आपल्याला ते कुणी दिलं, तिला कुणी दिलं, अशी थेट कोंडाईपर्यंत नावं घ्यायच्या. सातवी पळी पडली की डोळ्यांदेखत दही लागायचं. पितर पावले म्हणायचे. शेजारचा झरा बारा वर्षं वाहायचा. पंचक्रोशीचं पाणी तेवढंच.

सातवी होती वेणू. ती पुढं यायला कचरत होती. का, सांगते. सासू गेल्यावर पहिल्याच वर्षी चार पाहुणे आले. वेणूनं घाईघाईत सगळं दही घुसळलं, कढी केली आणि चमचाभर बाजूला ठेवायचं विसरली. वाटी घासून पालथीसुद्धा घातली. मग डोंगरावर गेली नि बायजाकडून वाटीभर मागून आणलं. कुणाला म्हणून बोलली नाही.

सहा पळ्या पडल्या. वेणू म्हणाली, "मला सासूबाईंनी दिलं, रखमानं. रखमाला यमुनेनं, यमुनेला कोंडाईनं." सातवी पळी पडली.

दूध दूधच राहिलं. आणि झरा मनगटाएवढा होता, तो बोटाएवढा झाला.

थोरल्या भिवराकाकू म्हणाल्या, "कुणाचं तरी नाव चुकलं असेल. पुन्हा घ्या गं." पुन्हा सातजणींनी घेतली. वेणूनं तेच सांगितलं. झरा सुतासारखा झाला.

"सूर्य डोंगराला टेकायच्या आत लागलं पाहिजे," काकू म्हणाल्या. "माझ्या सासूबाई सांगायच्या, नाही लागलं तर झरा गेला म्हणून समजा."

मग तिसऱ्यांदा. या वेळी वेणूच्या तोंडून रखमाचं नावच फुटेना. कसंबसं पुटपुटली. झरा थांबला. दगडाला एक थेंब तेवढा लोंबत राहिला. वेणूची लेक ठकी त्याच्याखाली ओंजळ धरून उभी. म्हणाली, "आई, तहान लागलीय. हा पडत का नाही गं?"

वेणूनं लेकीकडं पाहिलं. मग देवीपुढं कपाळ टेकलं.

"मी खोटं बोलले. रखमाचं विरजण मी मोडलं. हे बायजानं दिलेलं आहे."

एक जाऊबाई म्हणाल्या, "म्हणजे परक्याचं घातलंस डेऱ्यात. वर तीनदा नावं घेतलीस. धाडसाची आहेस हो."

वेणू म्हणाली, "मला कुळाबाहेर काढा. पण झऱ्याला राहू द्या."

भिवराकाकू झाडाखाली बसलेल्या बायजाकडं वळल्या. "बाई, तुला कुणी दिलं?"

बायजा उठून उभी राहिली. "मला आयनं. आयला तिच्या आयनं, तिला तान्हीनं. तान्ही लई जुनी. दुष्काळात तिच्या दारात एक बाई आलती, काखंत पोर नि हातात रिकामं मडकं. तान्हीनं तिला दूध दिलं, विरजण दिलं. कोंडाई म्हणत्यात तिला."

काकू म्हणाल्या, "कोंडाईला कुणी दिलं, हे आम्ही कधी विचारलंच नाही गं."

सूर्य डोंगराला टेकत होता. काकूंनी पळी बायजाच्या हातात दिली, वेणूचा हात त्यावर ठेवला. सातजणींनी पुन्हा नावं घेतली. वेणूनं खरी घेतली, बायजापासून तान्हीपर्यंत. बाकी सहाजणींनी या वेळी कोंडाईच्या पुढं तान्ही म्हटलं.

डेरा हलला. काकूंनी बोट लावलं. दही घट्ट लागलं होतं.

आणि ठकीच्या ओंजळीत टपकन थेंब पडला. मग दुसरा. मग धारच लागली.

तेव्हापासून तिथं जमलं की पंगतीत आठ पानं मांडतात, सात घरांची सात नि आठवं बायजाच्या घरचं. वेणू, बायजा, सगळी सुखानं नांदली, तशी तुम्हीही नांदा.

आपल्याही दह्याला मी आत्ताच विरजण लावलंय. सकाळपर्यंत त्याला हलवायचं नसतं. तुम्हीही हलू नका आता. निजा.