राही परटिणीची अकरा मडकी आणि एक हंडा

रायभान राजाचा पांढराशुभ्र घोडा आठवड्याभरात करडा झाला, तेव्हा कुठे राजाच्या ध्यानात आलं की नगरात धूर फार झालाय!

लगेच हुकूम सुटला, "ज्याची ज्याची भट्टी असेल, त्यानं आपला धूर किती ते येऊन सांगावं!"

नगरात भट्ट्या अकरा. चुनाभट्टीवाले गेनशेट सर्वांत पुढे. ते हात जोडून म्हणाले, "महाराज, आमचा धूर म्हणजे काय, एका उदबत्तीइतका!"

त्यांचं ऐकून वीटवालाही म्हणाला, "एक उदबत्ती." हलवाई तर म्हणाला, "अर्धीच." बाकीच्या सात जणांनीही एकेक उदबत्तीच सांगितली.

खरं बोलली ती एकटी राही परटीण. तिची कपडे उकळायची भट्टी नदीकाठी होती. कडेवर खोकणारी तान्ही बायजा, पदरानं तिचं नाक पुसत राही म्हणाली, "रोज तीन मोळ्या लाकूड जळतं, महाराज. धूर होतो. लेकीच्या छातीत बसतो, खोटं कशाला सांगू?"

राजानं बेरीज केली. दहा भट्ट्यांच्या मिळून साडेनऊ उदबत्त्या! एवढ्याशा धुराला असा कितीसा उपाय लागणार? त्यानं वेशीवर मोरपिसांचे पंखे देऊन दोन माणसं उभी केली आणि बजावलं, "धूर दिसला की हाकला!"

महिनाभर दोघांनी वारा घातला. त्यांचे हात सुजले आणि घोडा काळा झाला.

राजा खवळला. "सगळ्यांचा धूर उदबत्तीचा, हिचा तीन मोळ्यांचा! म्हणजे हाच तो धूर! हिची भट्टी फोडा, हिला नगराबाहेर काढा!"

राहीनं बायजाला घट्ट धरलं. या खोकणाऱ्या पोरीला घेऊन कुठल्या माळावर राहायचं? पण ती जागची हलली नाही. "महाराज, धूर कुणाचा ते मी दाखवलं तर?"

गेनशेट खो खो हसले. "दाखव की! पण कुणाच्या भट्टीत पाऊल टाकायचं नाही, कुणाला एक शब्द विचारायचा नाही!"

"कबूल!" राजा म्हणाला. "आठ दिवस देतो."

आठव्या दिवशी राही दरबारात आली ती हातगाडी ढकलत. गाडीवर अकरा मडकी आणि फडक्यानं झाकलेला एक हंडा. बायजा पाठीला बांधलेली.

"हे काय? ताक विकायला आलीस का गं?" गेनशेट म्हणाले.

"नाही शेटजी, तुमचं धोतर धुतलेलं पाणी आणलंय!"

दरबार हसला. राही म्हणाली, "महाराज, मी कुणाकडे गेले नाही. सगळ्यांची धोतरं आपल्या पायांनी माझ्याकडे येतात! कुणाचं कुठलं ते मी काठावर घातलेल्या बिब्ब्याच्या काळ्या खुणेवरून कळतं. आठवडाभर नेसलेलं एकेक धोतर मी एकेका मडक्यात धुतलं. पाणी सगळ्यांना सारखंच, एक घागर. आता तळाला काय बसलंय ते बघा."

तिनं पहिल्या मडक्यातलं वरचं पाणी हळूच ओतून दिलं. तळाशी बोटभर काजळी. "हे माझ्या घरधन्याचं. आमचा धूर एवढा."

दुसरं ओतलं. काजळी चार बोटं! "हे गेनशेटचं."

"छे! तो चिखल आहे!" गेनशेट ओरडले.

"चिखल कसा, शेटजी? तुम्हीच म्हणालात ना, उदबत्तीचा धूर? मग हा उदबत्तीचा अंगारा झाला! लावा कपाळाला, आणि चिमूटभर घाला जिभेवर!"

"घाला, शेटजी," राजा मिशीत हसत म्हणाला.

राजासमोर नाही कसं म्हणणार? गेनशेटनी चिमूट तोंडात टाकली मात्र, "थू थू थू! अंगारा कसला डोंबलाचा! रोज नऊ गाड्या लाकूड जळतं तिथं!"

आणि त्यांनी पटकन तोंडावर हात ठेवला. हात काळा, तोंडही काळं!

मग काय, वीटवाला पुढे झाला. "महाराज, अंगारा नको, सांगतो! सहा गाड्या!" हलवायानंही अर्ध्या उदबत्तीच्या दोन गाड्या केल्या. बाकीचेही धडाधड खरं बोलले.

"आणि तो हंडा? तो कुणाचा?" राजानं विचारलं.

राही घुटमळली. "अभय असेल तर सांगते."

"दिलं!"

तिनं हंडा ओतला. काजळी वीतभर! "यातलं धोतर वाड्यावरून आलं होतं, महाराज. आपलंच."



"पण आमची भट्टी कुठाय?" राजा गरजला.

"भट्टी नाही, पण मुदपाकखान्यात चाळीस चुली आहेत. अंघोळीच्या पाण्याचे सात बंब आहेत. आपण सगळ्या नगराला विचारलंत, महाराज. स्वतःला विचारायचं तेवढं राहून गेलं!"

राजानं हंड्यात बघितलं, मग गेनशेटच्या तोंडाकडे, आणि सिंहासनावर बसल्या बसल्या असा हसला की मुकुट कानावर आला!

त्याच दिवशी वाड्यातल्या तीस चुली विझल्या. मग भट्ट्या नदीपलीकडे, वारा धूर नगरापासून लांब नेईल अशा अंगाला हलल्या. नगराच्या धुराची मोजदाद राहीकडे आली, दर महिन्याला, धोतरागणिक.

महिन्याभरानं राही पहिली मोजदाद घेऊन आली, तेव्हा राजा म्हणाला, "आणखी काय हवं ते माग!"

राहीनं पाठीवरच्या बायजाला पुढे घेतलं. आज सकाळपासून ती एकदाच खोकली होती.

"महाराज, ते वेशीवरचे दोन पंखेवाले मला द्या! धूर काही त्यांच्यानं हलला नाही, पण ओली धोतरं झकास वाळतील!"