शीतलचा तिसरा सदरा

"मास्तर, अंगच मापाबाहेरचं असेल, तर शिंप्यानं करायचं काय?"

लतीफ मास्तरांनी आधी सुईत दोरा ओवला, मग विचारलं, "कुणाच्या मापाबाहेरचं?"

पराग भस्मे पुण्याहून शिवणकामाची पदविका घेऊन आलेला. मिरजेच्या या दुकानात त्याची दोन वर्षं झाली होती. दसऱ्याला स्वतःचं दुकान टाकायचं ठरलं होतं. पण मास्तरांनी आपली कात्री हातात दिल्याशिवाय चेल्यानं दुकान मांडायचं नाही, ही इथली रीत. आणि कात्रीसाठी यंदा मास्तरांची एकच अट होती, शीतल चौगुलेंना सदरा नीट बसवून दाखव.

दोन शिवून झाले होते. दोन्ही परत आले होते.

"तक्त्याप्रमाणे कापला," पराग म्हणाला. "छाती चव्वेचाळीस, म्हणजे खांदा एकोणीस. छापील तक्ता आहे."

"आणि शीतलचा खांदा?"

"पंधरा."

"मग तक्त्यालाच घाल सदरा."

बाकावर बसलेल्या शीतलला हसू फुटलं. उंची चार फूट दहा इंच, घेर ऐसपैस, आवाज खणखणीत.

"बायकांच्या दुकानात गेलं की गळ्याला लेस आणि कमरेला चिमटा. पुरुषांच्या दुकानात गेलं की एका बाहीत दोन हात मावतात. परवा एकानं सांगितलं, लहान मुलांच्या विभागात बघा."

असला दुकानदार सडपातळ गिऱ्हाइकाला खुर्ची देतो, थंड पाणी देतो. जाड माणसाला सल्ला देतो.

"मला पुरुषी नको, बायकी नको," शीतलनं पुढे सांगितलं. "शनिवारी वाचनालयात भाषण आहे. एकदा तरी सदरा खाली न ओढता बोलायचंय."

"तिथंच तर अडतं," पराग म्हणाला. "पुरुषांची बटणं उजवीकडे, बायकांची डावीकडे. काहीतरी एक ठरवायला नको?"

मास्तर शीतलकडे वळले. "जेवता कुठल्या हातानं?"

"डाव्या. त्यापायी बोलणीही पुष्कळ खाल्लीत."

"बटणं डावीकडे घे, पराग."

"लोक बायकी म्हणतील, मास्तर."

"लोक येणार आहेत का बटणं लावायला?"

परागनं वहीत 'बटणं डावीकडे' असं लिहून घेतलं.

"आता माप घे," मास्तर म्हणाले.

परागनं टेप उघडली. "सरळ उभं राहा. पोट जरा आत घ्या."

शीतलनं श्वास ओढला. खांदे वर गेले, पोट आत गेलं, तोंडावरचं हसूही गेलं.

"पोट अठ्ठेचाळीस," पराग म्हणाला.

मास्तरांनी टेप काढून घेतली आणि स्वतःच्या गळ्यात टाकली. चहा मागवला. शीतलला पुन्हा बाकावर बसवलं आणि ऐन उमेदीत एका फौजदारासाठी शिवलेल्या तुमानीची गोष्ट सांगायला घेतली. त्यानंही पोट आत ओढून माप दिलं होतं. झेंडावंदनाला त्यानं कडक सलाम ठोकला, अन् तुमानीचं बटण सुटलं ते थेट बँडवाल्याच्या ढोलावर.

"आणि ढोलवाला?" शीतलनं विचारलं.

"त्याला वाटलं इशारा झाला. त्यानं वाजवायला घेतलं."

शीतलला हसू आवरेना. कपातला चहा बशीत सांडला. पोट गदगदा हलत होतं. तेवढ्यात मास्तरांची टेप फिरली.

"लिही. बावन्न."

"हलत्या अंगाचं माप?" पराग चिडला. "आम्हाला असं शिकवलेलं नाही."

"लिही."

परागनं लिहिलं...

शुक्रवारी शीतलनं तिसरा सदरा घातला. हात वर केले. खाली बसून पाहिलं. वाकून चपलेचा पट्टा लावला. सदरा कुठेच वर चढला नाही, कुठे लोंबला नाही. आरशासमोर शीतलनं भाषणाची पहिली दोन वाक्यं म्हणून पाहिली. हात एकदाही सदऱ्याकडे गेला नाही.

"चला, शनिवारी या दोघेही," म्हणत शीतलची स्वारी सदरा अंगावर ठेवूनच बाहेर पडली.

परागनं हात पुढे केला. "मास्तर, कात्री."

मास्तरांनी कात्री खुंटीवरून काढली, पुसली, मांडीवर ठेवली. मग गळ्यातली टेप परागच्या कमरेभोवती गुंडाळली.

परागची छाती फुगली. पोट आत गेलं. हनुवटी वर झाली.

मास्तर टेप धरून थांबले...

पराग तसाच उभा. कान लाल व्हायला लागले.

"सोड श्वास," मास्तर म्हणाले, "मग देतो."